आजारी माणसासमोर

दक्षिणेकडच्या खोलीत आई निजून होती. तोराजाच्या डोंगरात अंत्यविधीचा पहिला रेडा कापेपर्यंत माणूस मेलं असं कुणी म्हणत नाही, आजारीच म्हणतात. म्हणून गेली दोन वर्षं दामारिस तिच्या उशाशी रोज गरम कॉफी ठेवायची आणि गावातल्या बातम्या सांगायची.

त्या दिवशी मोठा भाऊ अल्लो शहरातून आला. आशियातल्या मृत्यूच्या चालीरीतींवरचा नावाजलेला प्राध्यापक. मागे नाकाला रुमाल लावलेले विद्यार्थी. त्याने आईची चादर खसकन ओढली आणि पेनाने तिच्या गालावर टकटक केलं.

"बघा, प्रेत कसं टिकलंय!"

दामारिसने त्याचा हात बाजूला सारला. "दादा, आजारी माणसासमोर काय बोलतोस हे!"

"हे लिहून घ्या," तो विद्यार्थ्यांना म्हणाला. "घरची माणसं अशीच बोलतात."

"ते राहू दे. रेडा कधी आणतोस? थोरल्यानेच आणायचा असतो. किती ताटकळत ठेवशील तिला?"

"पुढच्या वर्षी बघू. परदेशातले अभ्यासक यायचेत. त्यांना दाखवायला काही नको का?"

सगळे गेल्यावर दामारिसने ओल्या फडक्याने आईचा गाल पुसला, पुन्हा पुन्हा पुसला. चादर नीट केली. अल्लोची उष्टी कॉफी कपासकट परसात भिरकावली. मग उशाशी बसून तिने आईचा हात हातात घेतला.

"आई, मन घट्ट कर. आपला दादा वारला."