सहा चाळीसची ओवी

"एका स्क्रीनसाठी आपण एक्सएमएल वागवतोय, तनया," टीमचा प्रमुख श्रेयस म्हणाला. "जग जेसनवर गेलं, आणि आपण अजून रोज सकाळी शालू इस्त्री करून ठेवतोय. शुक्रवारी काढून टाकू."

शालू हा शब्द तो सहज बोलून गेला. त्याला माहीत असायचं कारणच नव्हतं.

जयपूरच्या झालाना भागातल्या त्या ऑफिसातून हवामानाची माहिती जायची. सेवा जावा या संगणकभाषेत लिहिलेली. माहिती एकच, पेहराव दोन. नव्या मोबाइलना जेसन, जुन्या यंत्रांना एक्सएमएल. जुनी यंत्रं एकेक करून मिटली. उरलं एकच, आदर्श नगरातल्या एका स्वयंपाकघरातलं. ते कौशिकनं आईसाठी बसवलं होतं.

कौशिक तनयाच्या शेजारच्या खुर्चीत बसायचा. जयपुरातच वाढलेला, त्यामुळे मराठी बोलताना दर वाक्यात 'मतलब' यायचं. पण आईच्या ओव्या त्याला फार आवडत. तिच्या तोंडच्या चाळीस ओव्या त्यानं टिपून घेतल्या आणि रोजच्या तापमानाखाली एकेक ओवी त्या एकाच पत्त्यावर जाईल असं केलं. त्याच्या आईनं, मधुमतीकाकूंनी, सकाळी चहाचं आधण ठेवायचं, बटण दाबायचं, की स्क्रीनवर ऊन किती आणि खाली आपलीच ओवी. चाळीस संपल्या की पुन्हा पहिलीपासून.

वैशाखात लग्न करायचं दोघांनी ठरवलं होतं. ठाऊक होतं ते फक्त कौशिकच्या आईवडिलांना. साताऱ्याला तनयाच्या घरी सांगायचं राहिलं होतं.

दोन फेब्रुवारीला कौशिकची स्कूटर घसरली, आणि तो गेला.

तनया रजा टाकून साताऱ्याला गेली. परत यायचं नाही असंच तिच्या मनात होतं. घरच्यांना कळेना, ही जेवत का नाही. बारा मार्चला कौशिकच्या वडिलांचा, नंदकिशोरकाकांचा, फोन आला. बँकेत उभा जन्म गेलेले, मोजकं बोलणारे.

"काकूला त्याच त्याच ओव्यांचा कंटाळा आलाय," ते म्हणाले. "म्हणते, तनयाला म्हणावं नव्या लिही. रोज एक. लिहिशील?"

ती जयपूरला परत आली. लिहू लागली.

तेव्हापासून रोज सकाळी मालवीय नगरच्या भाड्याच्या खोलीत ती लॅपटॉप उघडून बसायची. आदर्श नगरात बटण दाबून रिक्वेस्ट आली की लॉगमध्ये, म्हणजे सेवेच्या नोंदवहीत, एक ओळ उमटायची. पूर्वी ती सहा दहाला यायची, आता सहा चाळीसला. काकू उशिरा उठत असतील, दुःखात झोप कुठली वेळेवर, असं तिला वाटायचं. ती एक ओळ दिसली की तनया उठायची, केस विंचरायची, डबा भरायची.

भेटायला येऊ का, असं तिनं दोनतीनदा विचारलं. काकांनी थोपवलं. तुला पाहिलं की तिला लग्न आठवेल, म्हणाले, एवढ्यात नको. काकू फोनवरही यायच्या नाहीत. कधी देवपूजेत, कधी भाजीला. निरोप मात्र रोज यायचा. एकदा तिनं लिहिलं होतं,

पहाटेच्या पारी गं बाई, मोर बोले झालान्यात,
लेक पुसे आईला, ऊन आलं का अंगणात.

त्यावर काकूंचा निरोप होता, ओवी झकास, पण आपल्या अंगणात ऊन कुठलं, शेजाऱ्यांची गाडी उभी असते. तनया त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी हसली.

आणि निरोपाआधी काकांचा ठरलेला प्रश्न असायचा, जेवलीस का?

श्रेयसशी ती दोन दिवस भांडली. शेवटी त्यानं एवढं कबूल केलं: एक्सएमएल राहू दे, पण जो स्पष्ट मागेल त्यालाच. जो काहीच सांगणार नाही, त्याला जेसन. गुरुवारी संध्याकाळी तनयानं स्वतःच्या हातानं सगळं बदललं, तपासलं, आणि निश्चिंत मनानं ओवी लिहून ठेवली.

शुक्रवारी सहा चाळीसला रिक्वेस्ट आली. उत्तर गेलं. तिनं सवयीनं ओळ वाचली, मग पुन्हा एकदा वाचली. उत्तर जेसनमध्ये गेलं होतं.

कौशिकनं त्या यंत्राला मागायला शिकवलंच नव्हतं. ते नुसतं दार ठोठावायचं, आणि आजवर न बोलता एक्सएमएल मिळायचं. जेसन त्याला वाचता येत नव्हतं. म्हणजे आज स्क्रीन कोरी. काकू चहा ठेवून त्या कोऱ्या चौकोनाकडे बघत असतील.

तिनं घाईघाईनं फोन लावला.

"जेवलीस का? मतलब, नाश्ता?" काकांनी विचारलं.

"काका, आजची ओवी..."

"वाचली की. काकू म्हणाली, कालच्यापेक्षा गोड आहे. दोनदा वाचली तिनं."

तनयानं फोन खाली ठेवला. मग चप्पल अडकवली आणि स्कूटर काढली.

आदर्श नगरातल्या त्या घराचं दार काकांनी उघडलं. तिला पाहून ते क्षणभर दारातच उभे राहिले. मग बाजूला झाले. चूल थंड होती. ओट्यावर एकच कप. स्क्रीन खरंच कोरी होती, तिच्या बटणावर बोटाचा ताजा ठसा. शेजारी एक वही उघडी होती. तिच्यात काकांच्या बँकेतल्या गोल अक्षरात मार्चपासूनच्या सगळ्या ओव्या उतरवलेल्या होत्या, आणि आजच्या तारखेपुढे जागा मोकळी.

"आज लिहायला जमलं नसेल तुला, असं वाटलं," काका म्हणाले.

स्क्रीनच्या वर भिंतीवर कौशिकचा फोटो होता, हार घातलेला. त्याच्या शेजारी तसाच हार घातलेला मधुमतीकाकूंचा. खाली तारीख होती, अठ्ठावीस फेब्रुवारी.