कावीळ आली कुठून

डेल्फिन हळदीसारखा पिवळा पडला होता आणि लघवीची पिशवी कालपासून कोरडी होती. "पित्ताचा खडा असेल तर पोट फाडावं लागेल, ते यांना सोसणार नाही," डॉक्टरीण त्याच्या बायकोला म्हणाली. "पुराच्या पाण्यात उंदीर मुततात, त्यातून कावीळ आली असेल तर औषधावर भागेल. भाऊ, पाण्यात उतरला होतात?" "नाही. पूर ओसरेपर्यंत घराच्या छपरावरच होतो." "खरं बोल रे!" बायकोने त्याचे पाय धरले. "मेरीमातेची शपथ, नाही उतरलो," डेल्फिन म्हणाला. डॉक्टरणीने पुन्हा विचारलं, तो पुन्हा नाही म्हणाला, आणि भेटायला आलेल्या मित्राच्या थैलीतून झुंजीचा कोंबडा आरवला. हा कोंबडा विकल्याचं डेल्फिनने बायकोला मेरीमातेच्याच शपथेवर सांगितलं होतं. "गळ्याइतक्या पाण्यातून माझ्याकडे आणून लपवला यानं, वहिनी," मित्र पुटपुटला. "औषध सुरू करा, डॉक्टर. आधी याला वाचवा, मग मीच मारते," बायको म्हणाली आणि कोरड्या पिशवीकडे बघत बसली.