एका बुटाची बाहुली

“दुसरा बूट घाला काका, उद्याच ऑर्डर देतो,” कौस्तुभ म्हणाला.

अप्पारावांनी बाहुली काउंटरवर ठेवली. पिवळा फ्रॉक, दोन वेण्या, एका पायात तांबडा बूट. दुसरा पाय उघडा.

“भामाला एकच बूट असतो.”

कौस्तुभ पुण्याचा. खेळण्यांच्या एका कंपनीसाठी माल बघत तो सुलतान बाजारातल्या या दुकानात आला होता.

“पण एकच का?”

अप्पारावांनी गोष्ट सांगितली. त्यांच्या बायकोने, पद्मावतीने, पहिली बाहुली शिवली तेव्हा तांबडं कापड एका बुटालाच पुरलं. पोरींना ती तशीच आवडली. पुढे तीच रीत पडली. पद्मावती सांगायची तशीच, एक शब्द इकडचा तिकडे न करता त्यांनी सांगितली. ती जाऊन वर्ष होत आलं होतं.

“गोष्ट छान आहे. पण गिऱ्हाईक म्हणेल, बूट हरवलेला माल दिला.” कौस्तुभने बाहुली उलटसुलट केली. “आणि कानाखाली हा काळा ठिपका कसला?”

“तीट आहे, भाऊ,” मशीनवरून रेणू म्हणाली. पद्मावतीनंतर बाहुल्या तीच शिवत होती. “नजर लागू नये म्हणून.”

“तीट गालावर लावतात. इथे कुणाला दिसणार?”

“बघणाऱ्याला दिसते,” अप्पाराव म्हणाले. मग त्यांनी विचारलं, “माल कुठे कुठे जाईल?”

“मुंबई, नागपूर, सुरत. म्हणाल तिथे.”

“सुरतेलाही?”

अप्पाराव खुर्चीत पुढे सरकले. पद्मावती बाहुल्यांची पिशवी घेऊन नांदेड, बीदर, सोलापूर, सगळे बाजार, सगळ्या जत्रा फिरली होती. त्यापलीकडे तिचं जाणं झालं नव्हतं.

“सुरतेलाही. फक्त बूट घाला आणि ठिपका काढा. नाव राहू दे. भामा जुनं आहे, पण चालेल.”

अप्पारावांनी बाहुली स्वतःकडे ओढून घेतली.

“नाही जमणार.”

“मामा!” रेणूने मशीन थांबवलं. “हौ म्हणा ना! दुकान बंद करायची पाळी आली, अन् तुम्ही एका चिंधीवर अडून बसले. मामी असत्या तर त्यांनीच शिवून दिला असता दुसरा बूट.”

“तिने तर मुळीच नसता दिला.”

“बघा भाऊ,” रेणू कौस्तुभला म्हणाली, “आमच्या मामांचं नक्को म्हणजे नक्कोच. उद्यापासून मी कुठं मशीन चालवू, ते तेवढं विचारा त्यांना.”

कौस्तुभ कार्ड ठेवून गेला. रेणूही धुसफुसत अंबरपेठच्या बसला निघाली.

अप्पारावांनी शटर अर्धं ओढलं. गल्ल्यामागचं कपाट किल्लीने उघडलं आणि मऊ फडक्यात गुंडाळलेला एक बूट बाहेर काढला. खऱ्या चामड्याचा, तांबडा, टाचेला झिजलेला. त्यांनी तो पुसला आणि बाहुलीच्या उघड्या पायाशी धरला. बाहुलीच्या मानाने तो फारच मोठा होता.

फार वर्षांपूर्वीच्या त्या दिवाळीत, कोठी बाजाराच्या गर्दीत, अंधार पडेपर्यंत शोधून त्यांच्या आणि पद्मावतीच्या हाती एवढाच लागला होता. दुसरा त्यांच्या लेकीच्या, कानाखाली तीळ असलेल्या भामाच्या पायात होता.