पाठमोरा चोर

म्हैसूरचे निवृत्त सरकारी वकील तिरुमलराव दुपारी झोपेतून उठले, तेव्हा देवघरात एक चोर चांदीची समई पिशवीत भरत होता. त्यांनी कपाटातली परवान्याची बंदूक काढून त्याच्यावर रोखली. चोर पिशवी उचलून निवांत पाठमोरा झाला.

"माझ्याकडे हत्यार नाही, सार. निघालेल्या माणसाला गोळी घातलीत तर तुम्हालाच जेल."

"हा कायदा तुला कुणी शिकवला?"

"तुम्हीच. मंडी मोहल्ल्यातल्या सराफाने माझ्या पायात गोळी घातली, तेव्हा कोर्टात हेच बोलून तुम्ही त्याला आत पाठवलंत."

तिरुमलरावांनी बंदूक खाली केली. चोर लंगडत फाटकाबाहेर गेला.

"ओळखीचा होता काय हो?" तुंगाबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"मी जिंकलेला सगळ्यात मोठा खटला," ते म्हणाले.