पाय लागला

लेकीनं कॅनडातल्या ओकव्हिलच्या घरी जेवायला आणलेला मित्र बातो मंगोल निघाला तेव्हाच प्रतापरावांचं बिनसलं. दारात पुढे आलेल्या त्याच्या हाताकडे त्यांनी चक्क दुर्लक्ष केलं. हा म्हणे आपल्या आजीची बुर्यात नावाची मंगोल भाषा रेकॉर्ड करत हिंडतो! श्रीखंड वाढता वाढता ईशिता म्हणाली, “बाबा, वी आर गेटिंग मॅरीड.” प्रतापराव ताडकन उठायला गेले आणि टेबलाखाली त्यांचा पाय बातोच्या पायावर आदळला. संतापले असले तरी जन्माची सवय; नमस्कारासाठी त्यांचा हात आपोआप खाली गेला. तो कुणीतरी गच्च धरला. बातोनं! प्रतापराव हादरलेच. “अरे, हे काय?” “बाबा, त्यांच्यात पाय लागला की लगेच हात मिळवतात,” ईशिता घाईघाईनं म्हणाली, “नाहीतर वैर येतं.” टेबलाखाली हातात हात तसाच राहिला. आधी कुणी सोडायचा, हे दोघांनाही कळेना.