लुसिंडाचं म्हणणं

"हे सभाघर पाडावं आणि स्टेशनजवळ नवा हॉल बांधावा," असा ठराव मांडून एज्रा कॉलबर्न खाली बसला.

अमेरिकेतल्या व्हर्मांटच्या त्या डोंगरगावात बायकांना मताचा हक्क मिळाल्यानंतरची ही पहिलीच गावसभा. एकतीस वर्षं दर मार्चमधल्या या वार्षिक सभेला एज्राची बायको लुसिंडा वरच्या सज्जात बसून खालची भांडणं ऐकायची आणि दुपारी सगळ्यांना जेवायला वाढायची. आज ती खाली, नवऱ्याच्या शेजारी होती. ती उभी राहिली.

"वहिनी, चुलीवरचा घेवडा करपेल," मागच्या बाकावरून गावातला सायलस म्हणाला. हशा पिकला.

"उतरवूनच आलेय. तुझ्या वाटणीचा काढूनही ठेवलाय."

सभापतींनी हातोडी आपटली. "बोला, बाई. उभं राहील त्याचं ऐकायचं, हा या घराचा सव्वाशे वर्षांचा रिवाज आहे."

 लुसिंडाने समोरच्या बाकाची कड घट्ट धरली. त्या लाकडाला कधी रंग लागला नव्हता. चार पिढ्यांच्या हातांनीच ते गुळगुळीत झालं होतं.

"छप्पर गळतं, खरंय. ते दुरुस्त होईल. पण या घरात शेगडी एकच आहे. सकाळी कुंपणावरून एकमेकांचा गळा धरणारे दुपारी तिच्याचपाशी हात शेकायला येतात. 'सरक जरा' म्हणावं लागतं. सरकावंही लागतं. रविवारी इथेच प्रार्थना भरते, तेव्हा पुन्हा तेच. नव्या हॉलात भिंतीभिंतीतून ऊब देणारे वाफेचे नळ असणार. तिथे कोण कशाला कुणाजवळ जाईल?"

ती बसली. कुणी हसलं नाही.

हात वर झाले, मोजले गेले. ठरावाच्या बाजूने अडुसष्ट, विरुद्ध त्र्याहत्तर. त्या त्र्याहत्तरांत सायलसचाही हात होता.

एज्रा समोर बघत राहिला. दोन हिवाळे जेवणाच्या टेबलावर कागद पसरून त्याने त्या हॉलचे नकाशे काढले होते. कंदील धरायला लुसिंडाच असायची. तिला त्याच्याकडे बघवेना.

चिटणीस वाइल्डर पुटपुटत इतिवृत्त लिहू लागला. "ठरावाविरुद्ध बोलल्या... सौ. एज्रा कॉलबर्न."

"वाइल्डर," एज्रा बसल्या जागेवरून म्हणाला, "एज्रा कॉलबर्न ठरावाच्या बाजूने बोलला. तिथलं माझं नाव खोड. तिचं नाव लुसिंडा आहे."