सपाट जमीन

साकीनाक्याच्या खडकाळ उतारावर कंपनीने मार्तंडला बिऱ्हाडासाठी लष्कराची जुनी, चाकांवरची खोली दिली. घाटकोपरच्या टेकडीवर, उतरत्या जमिनीच्या खोलीत त्याने आणि वसुधाने अकरा वर्षं काढली होती. भिंतीशी निजलेली माणसं सकाळी दाराशी सापडायची.

"आता तरी सपाट जमिनीवर निजू," म्हणत तो सकाळपासून चाकांखाली विटा सरकवत होता. काठोकाठ भरलेला पेला आत ठेवायचा, एका कडेने पाणी सांडलं की पुन्हा वीट. दुपारपर्यंत कंबर पार मोडली, तेव्हा कुठे पाणी सांडायचं थांबलं. दोघं आडवी झाली. तासभर नुसतं या कुशीवरून त्या कुशीवर चाललं.


"अहो," शेवटी वसुधा म्हणाली, "पायाकडची एक वीट काढता का?"